न विचारता बसवलेला पंखा

ताईच्या नाकावर राग असतो असं घरात सगळे म्हणत, आणि त्यात सगळ्यात पुढे असायचा तिचा धाकटा भाऊ. निम्मा राग ज्याच्यामुळे यायचा, तोच.

ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर मान खाली, डोळ्याला भिंग, बोटांवर प्लास्टरची पांढरी पूड. घरात ती आणि आई. भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याचं फर्निचरचं दुकान होतं, पण कारभार तो या घराचाही करायचा. एकदा ताई कामावरून आली तर तिच्या खोलीची खिडकीच गायब! तिथे भिंतभर कपाट उभं.

"सरप्राइज!" भाऊ म्हणाला.

त्या खिडकीतून तलावाची एक निमुळती पट्टी दिसायची. हे त्याच्या गावीही नव्हतं. आई म्हणाली, "अगं, तुझ्यासाठीच केलंय ना त्यानं." ताईनं मुकाट्यानं त्यात कपडे लावले.

पुढे केव्हातरी तिनं कुणालाही न सांगता एक जुनी छोटी मोटरबोट घेतली. सुट्टीच्या दिवशी तलावाच्या पार टोकाला, लव्हाळ्यांत जाऊन नुसतं बसायचं, एवढीच हौस. बोटीचा पंखा, म्हणजे इंजिनाखाली पाण्यात फिरतो तो प्रोपेलर, तेवढा झिजला होता. नवा घ्यायला ती बोटींच्या सामानाच्या दुकानात गेली. भावाला बोटीची कुणकुण लागलीच होती, तो न बोलावता बरोबर आला.

दुकानदारानं दोन पंखे काउंटरवर ठेवले, एक ॲल्युमिनियमचा काळा, एक स्टीलचा चकचकीत. आणि तो बोलू लागला तो भावाशी.

"साहेब, स्टीलला तोड नाही. वेग बघा, मजबुती बघा."

"तलावाच्या टोकाला पाण्याखाली खडक आहेत," ताई म्हणाली. "तिथे आपटला तर?"

"काही होत नाही, साहेब," दुकानदारानं भावालाच उत्तर दिलं.

"पंख्याला नाही होणार. धक्का मग जाणार कुठे? वर, इंजिनातच ना?"

"तसं... ॲल्युमिनियम वाकतं, धक्का खातं. पण मग पंखा बदलावा लागतो."

"बदलेन. मला ॲल्युमिनियमचा द्या."

भावानं दुकानदाराकडे बघून खांदे उडवले. ताईनं ते पाहिलं आणि गिळलं. लॅबमधून सुट्टी मिळेना म्हणून पंखा बसवून बोट पाण्यात सोडायचं काम दुकानावरच टाकलं. तिथेच चुकलं.

पहिल्या फेरीला आईनं यायचा हट्ट धरला, आणि आईला सांभाळायला म्हणून भाऊही चढला. बोट अशी सुसाट निघाली की ताईला नवल वाटलं. टोकाजवळ तिनं वेग कमी केला, तरी खाडकन आवाज झाला. इंजिन उसळलं, आईनं किंकाळी फोडली. मग पाण्याखालून नुसती खरखर. ताईनं इंजिन बंद करून वर उचललं.

पाणी निथळत होतं आणि पंखा आरशासारखा चमकत होता.

"बघ!" भाऊ आनंदानं ओरडला. "साधा ओरखडा नाही! तरी बरं, मी दुकानदाराला फोन करून बदलून घेतला. सरप्राइज!"

ताईनं पंखा हातानं फिरवला. तो डगमगत, वाकडातिकडा फिरला. आतला दांडा वाकला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी बोट," ती म्हणाली. आवाज आधी बारीक होता, मग चढत गेला. "माझी बोट, माझा पंखा, मी तोंडानं सांगितलेलं! तू कोण बदलणारा?"

"अगं, चांगला महागातला..."

"खिडकी बुजवलीस, तेव्हा विचारलंस? आईचा डॉक्टर बदललास, तेव्हा? मी काय घरातली खुर्ची आहे, हवी तिथे सरकवायला?"

"तो तुझ्याच भल्यासाठी..." आईनं सुरुवात केली.

"आई, तू गप्प बस! आज तरी त्याची वकिली करू नकोस."

ताईनं वल्ही काढून भावाच्या पुढ्यात टाकली. "मार."

त्याला वल्हवता येत नव्हतं. बोट गोलगोल फिरायची, पाणी आईच्या पदरावर उडायचं. ताईनं ना वल्ह्याला हात लावला, ना एक अक्षर शिकवलं. धक्क्याला लागेपर्यंत त्याच्या तळव्यांना फोड आले होते. ते बघून तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, आणि वाटत नाही याचंही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तडक दुकानात गेली. "ऑर्डर माझी होती. बदलताना मला का नाही विचारलंत?"

"साहेबांचा फोन आला, मला वाटलं घरचेच आहेत..."

"घरचे आहेत म्हणूनच विचारायचं!" ती इतकी कडाडली की बाकीची गिऱ्हाइकं बाहेर सटकली. दुकानदारानं इंजिन पदरमोड करून दुरुस्त करून दिलं. माफी काही मागितली नाही.

ॲल्युमिनियमचा पंखा तिनं स्वतः बसवला. भाऊ घरी आला की ती उठून आत जायची. "किती दिवस धरून बसणार आहेस?" आई विचारायची. "अजून," ताई म्हणायची.

आणि एका सुट्टीला तोही पंखा तिनं खडकावर घातला. या वेळी चूक तिची एकटीची होती. पातं दुमडलं, पण इंजिन चालत राहिलं. थरथरणारी बोट हळूहळू रेटत, स्वतःला शिव्या घालत ती परतली.

धक्क्यावर भाऊ उभा. आईनं पाठवला असणार. तो बोटीकडे झेपावला, मग मध्येच थबकला.

"ताई... मी काही करू का?"

त्याच्या तोंडून हा प्रश्न तिनं कधी ऐकला नव्हता. राग उतरला नव्हता. तो इतक्यात उतरणारही नव्हता. तिनं दोरीचं टोक त्याच्याकडे फेकलं.

"नुसती धरून ठेव. बांधायची कुठे ते मी सांगते."