मुकादमांची पाहुणी

पोल्ट्रीच्या फाटकावर पाटी होती : ‘बाहेरच्या माणसांना आत येण्यास सक्त मनाई.’ त्यातला ‘सक्त’ मुकादमांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात दोनदा गिरवला होता. पाटीखाली जंतुनाशकाचा पसरट ट्रे आणि ट्रेशेजारी खुद्द मुकादम, पाठीवर फवारणीचा पंप. आईच्या पोटातून पंपासकटच बाहेर आले असावेत, असं कामगार म्हणायचे. अर्थात मागून.

खाद्याचा ट्रक आला की चारी बाजूंनी फवारणी. अंड्यांचा व्यापारी आला की त्याची चप्पल बाहेर. एकदा तर मालकांचे नवे कोरे बूट त्यांनी घोट्यापर्यंत बुडवायला लावले. मालकांनी ते बुडवलेही. या माणसाच्या हाताखाली कोंबड्या कमी मरतात, हे त्यांना ठाऊक होतं.

“रोग काय आपल्या पायांनी येत नाही,” मुकादम ट्रकच्या ड्रायव्हरला सुनवायचे. “तो बाहेरच्याच्या पायाला चिकटून येतो.”

“आणि तुमच्या पायाला?”

“मी घरचा माणूस.”

एवढं बोलून घरचा माणूस ट्रेवरून टांग टाकून आत जायचा. पाय कोरडे ठणठणीत.

आता पाहुणीचं सांगायला हवं, कारण मुकादमांचं सगळं नाव त्या पाहुणीवर उभं होतं. हजारो कोंबड्यांत एखादी दुबळी निघते. बाकीच्या तिला टोचून टोचून अर्धमेली करतात. अशी कोंबडी दिसली की मुकादम ती काखोटीला मारून कुंपणापलीकडच्या आपल्या घरी न्यायचे. स्वयंपाकघरात, शेगडीच्या उबेला, टोपलीत तिची सोय व्हायची.

“आली का तुमची बाळंतीण?” बायको विचारायची.

“पाहुणी म्हण गं. चार दिवसांची तर असते.”

मुकादमांची सेवा तिथे संपायची. पुढे ड्रॉपरने पाणी पाजणं, फडक्याने नाक पुसणं, फरशीवरची घाण काढणं, सगळं बायको. कोंबडी जरा सावरली की मागच्या अंगणात फिरायची, तळ्यावरून येणाऱ्या रानबदकांच्या पंगतीत बसून दाणे टिपायची, त्यांच्याच घमेल्यातलं पाणी प्यायची. मग एके सकाळी मुकादम तिला पुन्हा काखोटीला मारून शेडमध्ये सोडायचे. कामगार म्हणायचे, “मुकादमांच्या हाताला गुण आहे.”

“हो तर,” बायको कुंपणापलीकडून ऐकून म्हणायची, “गुण त्यांच्या हाताला, अन् विष्ठा माझ्या फरशीला.”

पक्ष्यांच्या तापाची नवी जात निघाल्याची बातमी आली, तेव्हा पशुवैद्य येऊन सगळ्यांना बजावून गेले. घरी पक्षी पाळायचे नाहीत, रानपक्ष्यांना जवळ येऊ द्यायचं नाही, कोंबडी बाहेर गेली तर ती परत आत आणायची नाही. मुकादमांनी तेच भाषण कामगारांना दुप्पट आवाजात ऐकवलं. एका कामगाराच्या घरचे दोन लव्हबर्ड त्यांनी त्याच दिवशी सासुरवाडीला धाडायला लावले.

“आणि तुमची पाहुणी?” तो कामगार चडफडत म्हणाला.

“पाहुणीला कोणी पाळणं म्हणतं का रे?”

त्यानंतरची पाहुणी परत शेडमध्ये गेली आणि चार दिवसांत मान टाकून पुन्हा टोपलीत आली. तोंड सुजलेलं, तुरा जांभळा. बायकोने तिला मांडीवर घेऊन पाणी पाजलं. कोंबडी तिच्या मांडीवरच गेली. मुकादमांनी मागे खड्डा खणून तिला पुरलं आणि हात झटकले. शेडमध्ये तिच्या रांगेतल्या कोंबड्या माना टाकू लागल्या, तेव्हा म्हणाले, “उकाडा आहे. पंखे वाढवा.”

बायकोला ताप भरला, तेव्हाही उकाडाच होता. डोळे लाल झाले, धाप लागली, तेव्हा शहरात नोकरीला असलेली मुलगी आली आणि आईला तडक इस्पितळात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “घरात पक्षी आहेत? आजारी पक्ष्याला हात लागलाय का?”

“छे!” मुकादम म्हणाले. “आमच्याकडे फार कडक असतं. मालकांचेसुद्धा पाय बुडवतो मी.”

“नीट आठवा. हा तसला ताप असेल तर वेगळं औषध आहे. ते जितकं उशिरा, तितका त्याचा उपयोग कमी. साध्या न्यूमोनियाचे उपचार करत बसलो तर त्या हाती लागणार नाहीत.”

मुकादमांच्या डोळ्यांपुढे शेड आली. कबूल केलं तर सगळ्या कोंबड्या मारणार, फाटकाला कुलूप, आणि मालक विचारणार, रोग कोणाच्या पायाला चिकटून आला? त्यांनी छताकडे पाहिलं. छतावर पंखा होता. पंख्याबद्दल त्यांच्याकडे बोलण्यासारखं बरंच होतं, पण कोणी विचारलं नाही.

बायकोच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलता येईना. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मग दोन्ही हात मांडीवर आणून काहीतरी धरल्यासारखं केलं, हळूहळू थोपटलं, आणि बोटांच्या चिमटीने त्याला पाणी पाजलं.

डॉक्टरीणबाई विरघळल्या. “नातवाची आठवण येतेय का?”

“हो, हो,” मुकादमांनी घाईने ती काडी धरली. “नातू. फार लळा.”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “कुठला नातू? माझं लग्न तरी झालंय का?”

बायकोचे हात अजून थोपटतच होते, पण आता तेही दमले होते. एक हात पलंगाच्या कडेवरून खाली घसरला. मुकादमांनी तो उचलला, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा हात इतका गरम आहे आणि आपण तो एवढ्या दिवसांत धरलेलाच नाही.

“कोंबडी होती,” ते म्हणाले. “आजारी. हिच्या मांडीवर मेली. मीच आणली होती.”

औषध सुरू झालं. तपासणीत तोच ताप निघाला. दुसरीकडे पांढऱ्या पोशाखातली माणसं शेडमध्ये शिरली आणि बाहेर आली तेव्हा आत कलकलाट नव्हता. मागची साफसफाई करायला मुकादम पुढे झाले, तर फाटकावरच्या पोरसवदा माणसाने पाटीकडे बोट दाखवलं.

“अहो, मी घरचा माणूस!”

“म्हणूनच,” पशुवैद्य म्हणाले. “तुमची पाहुणी हा ताप बदकांकडून शिकून आली, तिने शेडला शिकवलं, मग बाईंना. माणसाकडून माणसाकडे जायचं तेवढं त्या विषाणूला अजून जमलेलं नाही. जमलं की सगळ्या जगाला दारं लावून बसावं लागेल.”

“विषाणूला काय शाळा असते?”

“असते ना. तुमचं स्वयंपाकघर.”

मुकादमांच्या नाकातला नमुना घेतला, मुलीचाही. दोघांचेही स्वच्छ. तेव्हा पशुवैद्यांनी सोडलेला श्वास फाटकापर्यंत ऐकू आला. मुकादम मात्र चहाच्या टपरीवर सांगत सुटले की आपल्या अंगातच ताकद आहे.

“ताकद कसली?” लव्हबर्डवाला म्हणाला. “कोंबडीला काखेत घालून आणण्यापलीकडे तुम्ही हात कधी लावलात?”

बायको वाचली. हाडं वर आलेली, आवाज बसलेला, पण जीभ शाबूत. ती घरी आली त्या संध्याकाळी मुकादम बाजारातून फळं घेऊन आले, तर उंबऱ्यापाशी भाजीची मोठी परात, तीत पांढुरकं औषधाचं पाणी.

“हे काय?”

“बुडवा पाय,” आतून बसका आवाज आला.

“अगं, मी घर...”

“बुडवा म्हटलं ना.”

मुकादमांनी इकडेतिकडे पाहिलं. कुंपणावर लव्हबर्डवाला हनुवटी टेकून उभा होता. त्यांनी फळांची पिशवी छातीशी धरली आणि एक पाय परातीत घातला.

“दुसरापण,” आवाज आला.