पोहायला जाणारी बाई

अंधेरीला गिल्बर्ट टेकडीच्या पायथ्याशी, चढावर, पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. त्या ओळीत शेवटून दुसऱ्या खोलीत सुगंधा राहायची. माहेर देवगडकडचं, खाडीला लागून. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा तिकडचाच असलेला नवरा जयवंत परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. ब्याऐंशीचा संप झाला आणि गिरणी गेली ती गेलीच. परळची खोली थोरल्या भावाच्या नावावर. तिथे फार दिवस राहण्यात राम नाही हे ओळखून जयवंत बायकोला आणि मुलीला, उत्तराला, घेऊन इकडे आला.

सात बंगल्याच्या बाजूला तेव्हा जिकडे बघावं तिकडे नवी इमारत चढत होती. आयुष्यभर साचा चालवलेला माणूस तिथे विटा वाहू लागला. एक दिवस परांचीचा बांबू निसटला आणि जयवंत दुसऱ्या मजल्यावरून पाठीवर पडला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. मुकादम एकदा येऊन उशाशी डझनभर केळी ठेवून गेला, तो पुन्हा काही दिसला नाही.

मग सुगंधाचा दिवस असा सुरू व्हायचा: टेकडीच्या खाली नळ, नळावर भांडणं, आणि भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढ. तीन-चार खेपांत मान अशी धरायची की वळून बघता यायचं नाही. त्यानंतर जयवंतला पुसायचं, खालचं बदलायचं, कुशीवर वळवायचं. वळवलं नाही तर पाठीला जखमा व्हायच्या, आणि वळवूनही व्हायच्याच. जयवंत मुळात वाईट माणूस नव्हता. पण पडून पडून त्याची जीभ आंबली होती. भात मऊ झाला तरी थाळी भिंतीवर जायची. उत्तरा कोपऱ्यात बसून गुपचूप अभ्यास करायची, आणि सुगंधा भिंत पुसायची.

वेसाव्याला कोलंबी सोलायचं काम तिला विमलाने दिलं. विमला तिथलीच कोळीण, मोठ्या आवाजाची, बाजारात कुणाच्या बापाचं न ऐकणारी. दहा-बारा बाया बर्फातली कोलंबी पुढ्यात घेऊन बसायच्या. बोटं बधिर व्हायची, नखांच्या कडा सोलवटायच्या. पण तिथे बाया हसायच्या. कुणाची सासू, कुणाचा जावई, सगळ्यांची सालं कोलंबीबरोबर निघायची. सुगंधा ऐकायची आणि खाली मान घालून सोलत राहायची.

एकदा सोललेल्या कोलंबीची टोपली धुवायला ती धक्क्याच्या पायऱ्यांवर गेली. ओहोटी लागली होती. टोपली हातातून सुटली आणि डुलत डुलत खाडीपलीकडच्या मढच्या बाजूला निघाली. सुगंधाने विचार केला नाही. पदर खोचला, कासोटा मारला आणि थेट पाण्यात शिरली. बारा-तेरा वर्षांत ती पोहली नव्हती. पण हात-पाय विसरले नव्हते. टोपली धरून ती परत आली तेव्हा सगळ्या बाया धक्क्यावर उभ्या होत्या.

विमला म्हणाली, "अगं बाय माझे! आमच्यात बाप्ये पोहतात, बाया नाय. तू तर मासोळीच निघालीस!"

सुगंधा पायरीवर बसून धापा टाकत होती. अंगावर साडी चिकटलेली, नाकात खारं पाणी गेलेलं, आणि ती हसत होती. आपण हसतोय हे तिला स्वतःला जरा उशिराच कळलं.

त्या दिवसापासून काम उरकायच्या वेळेला भरती असली, की ती होड्यांच्या पलीकडे, जिथे पाणी जरा स्वच्छ असायचं तिथे उतरायची. विमलाने एक जुनं लुगडं खास त्यासाठी देऊन टाकलं होतं. थोडा वेळ, फार नाही. ज्या पाण्याने रोज सकाळी तिची मान मोडायची, तेच इथे तिला उचलून धरायचं. उताणी पडून ती वरच्या घारी बघायची. कुणाला वळवायचं नव्हतं, काही वाहायचं नव्हतं.

टोपली वाहून गेली त्या दिवशी ती तशीच घरी गेली. केस ओले होते. जयवंतने बघितलं.

"केस कशान भिजले गो?"

ती खोटं बोलणार होती. पण तोंडातून खरंच निघालं. "खाडीत गेललंय. टोपली व्हावत चलली, म्हणान उडी मारलंय. मगे जरा पवत रवलंय."

आता थाळी येते की शिवी, याची ती वाट बघत होती. पण तो म्हणाला, "आपल्या खाडीएवढी रुंद आसा?"

"जास्त आसा."

"आणि पाण्याक ओढ?"

मग तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. तळ चिखलाचा की वाळूचा, मढला जाणारी होडी, तर, कुठून सुटते, बांबूच्या वलांड्यांवर बोंबील कसे वाळत असतात. त्या रात्रीचं जेवण सरळ झालं. पुढेही अशा भरतीच्या दिवशी तो तिची वाट बघायचा. बाकीचे दिवस पहिल्यासारखेच जायचे. जखमा वाढत होत्या, आणि दवाखान्यातला डॉक्टर आता पाठ बघून नुसता मान हलवायचा.

शहाऐंशीच्या भाद्रपदात जयवंतला ताप चढला. दोन दिवस ती कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. त्याने पेज मागून खाल्ली आणि म्हणाला, "जा गो तू. आज भरती आसा." शेजारच्या कुंदाला लक्ष ठेवायला सांगून सुगंधा गेली. कोलंबी सोलली. मग पाण्यातही उतरली.

ती चढ चढून आली तेव्हा दारात माणसं उभी होती. कुंदा चहा घेऊन आत गेली होती, तर जयवंत संपलेला. शाळेतून उत्तरा आईच्या आधी पोचली होती. सुगंधाच्या हातात ओल्या लुगड्याचं बोचकं होतं, केसांतून पाणी ठिबकत होतं. सगळ्यांनी आधी केस बघितले, मग तिचं तोंड.

"तू कुठे होतीस?" उत्तराने विचारलं.

"वेसाव्याला."

"कामावर?"

"काम झालेलं," सुगंधा म्हणाली.

थोरला दीर धाकू परळची खोली विकून मुलुंडला राहायला गेला होता. तो संध्याकाळी आला आणि कुंदाकडून सगळं ऐकून अंगणातच कडाडला, "माझो भाव हय मरत होतो आणि ही थय पाण्यात लोळत होती!" जयवंतनेच जा म्हटलं होतं, हे सांगायला साक्षीला कुणी नव्हतं. होता तो समोर पांढऱ्या कापडात होता. तेराव्याला धाकूने उत्तराचं दप्तर उचललं. मुलुंडला शाळा चांगली, घरात तिच्या चुलतबहिणी. सुगंधाने अडवलं नाही. मुलगीही मागे वळली नाही.

वस्तीत तिला नाव पडलं, पोहायला जाणारी बाई. नळावर ती आली की बोलणं थांबायचं. तिने पाण्यात उतरणं थांबवलं. कोलंबी सोलायला बसायची तीही खाडीकडे पाठ करून.

विमलाला ते बघवेना. "नवऱ्याला जखमांनी मारला. खाडीनं काय केलं गो?"

"विषय नको, विमलाबाय."

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत ती करंज्या घेऊन मुलुंडला गेली. उत्तराने डबा घेतला, जाऊबाईंच्या हातात दिला आणि "बसा" म्हणाली. पोटच्या मुलीने अहो-जाहो केलं. चुलतबहिणी बघत होत्या. सुगंधाने चहा अर्धा ठेवला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढावर तिचा पाय घसरला. हंडा घरंगळत खाली गेला, सगळं पाणी तिच्या अंगावरून वाहिलं. ती चिखलात बसून राहिली. नळावरच्या बायांपैकी कुणी हसलं नाही आणि कुणी हात द्यायलाही आलं नाही. तिने हंडा तिथेच सोडला, तशीच चालत वेसाव्याला गेली आणि कुणाशी न बोलता खाडीत उतरली. पाण्यात ती हुंदके देऊन रडली. बाहेर आली तेव्हा विमलाने तिच्यापुढे गरम भात आणि कालवण ठेवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली होती. तिने तीनदा भात घेतला.

त्यानंतर तिने पाणी सोडलं नाही.

दोन वर्षांनी धाकूच्या घरात जागा कमी पडू लागली. तो सांगायला आला, "पोरीक परत ने. पण ता थेर बंद करूचा लागतला."

"भावजी, उत्तराक नेतंय," सुगंधा म्हणाली. "पाण्यात मात्र जातलंय."

धाकू चहा न घेता गेला. उत्तरा आली, ट्रंक कोपऱ्यात ठेवली. त्या रात्री सुगंधाने तिला सांगितलं की त्या दिवशी बाबांनीच जा म्हटलं होतं. उत्तराने ऐकून घेतलं. "असेल," म्हणाली आणि कूस बदलली. तिने विश्वास ठेवला की नाही, हे सुगंधाला कधीच कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलंही नाही.

मायलेकी त्या खोलीत पुढे कितीतरी वर्षं राहिल्या. एकमेकींचं दुखलंखुपलं बघत, पण बेताचं बोलत. भरतीच्या दिवशी सुगंधा भात झाकून ठेवायची, "येते गं," म्हणायची. आतून कधी "हं" यायचं, कधी काहीच नाही. ती चढ उतरून वेसाव्याच्या वाटेला लागायची, आणि मच्छीचा वास नाकात आला की तिची चाल आपोआप भरभर व्हायची.