सुतळीनं शिवलेली कादंबरी

कंटाळ्यावर कोणतं पुस्तक लागू पडेल, हे माणसाचं नुसतं तोंड बघून सांगणारा अख्ख्या मराठवाड्यात मी एकटाच. माझ्या शिफारशीवरून किनवटच्या जंगलातले वाघसुद्धा वाचायला लागलेत, असं नांदेडात बोललं जातं. बोलतो मीच, पण बोललं जातं हे खरं.

म्हणूनच लातूरहून बायकोचा फोन आला. माझ्या सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी दीड महिना उंबरा ओलांडू नका म्हणून बजावलेलं, आणि सासरे चौथ्याच दिवशी चपला शोधत होते. चाळीस वर्षं मोंढ्यात धान्याची आडत चालवलेला माणूस, घरात बसून भिंतींचासुद्धा सौदा करून झाला होता. सासूबाईंनी चपला ज्वारीच्या पोत्यांमागे दडवल्या होत्या.

"सापडल्या तर उद्या मोंढ्यात अन् परवा पुन्हा दवाखान्यात," बायको म्हणाली. मी थट्टा गिळली आणि पुस्तकांची पिशवी घेऊन निघालो.

सासऱ्यांनी पहिलं पुस्तक बरोबर मधोमध उघडलं, अर्धं पान वाचलं आणि बाजूला टाकलं. "पोचट."

दुसरं. "पोचट."

"मामा, सुरुवातीपासून तरी वाचा!"

"जावईबापू, पोत्याच्या तोंडाशी समदेच चांगला माल भरतेत. पोटात नळी खुपसली की खरं काय ते कळतंय."

रहस्यकथेत तर त्यांनी नळी थेट बुडाशीच घातली. "खून माळ्यानं केला. पुढचं दाखवा."

दुपारपर्यंत वीस पुस्तकं नापास. मराठी साहित्याची इतकी झटपट समीक्षा विद्यापीठालाही जमली नसेल. सासरे ज्वारीच्या पोत्यांकडे संशयानं बघू लागले, आणि सासूबाई माझ्याकडे.

पिशवीत एकच उरलं होतं. दीपगृहातल्या खुनाची जाडजूड कादंबरी. ती दोनदा वाचल्याचं मी निम्म्या नांदेडला सांगितलेलं. मी दाभण आणि सुतळी मागितली, पहिली तीस पानं मोकळी ठेवली आणि पुढच्या प्रत्येक तीस पानांच्या काठाला पोत्यासारखे टाके घातले.

"एवढं शिवलंय म्हणजे आत खडेच असणार," म्हणत सासऱ्यांनी, निव्वळ माझी लबाडी पकडायला, पहिलं पान उघडलं.

ज्या गावाला एकदा पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथला हा माणूस दोन दिवसांत समुद्रात गळ्यापर्यंत बुडाला. ताट गार व्हायचं. "थांब गं, होडी उलटायलीय!" एकेक टाका उसवत कादंबरी संपली, तेव्हा नापास झालेली पुस्तकंही त्यांनी स्वतःच शिवायला घेतली. माळ्याचं तेवढं वगळलं.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी परवानगी दिली. मीही त्या दिवशी लातुरात होतो. मुनीम दारात आला. "मालक, चला, सौदा निघायलाय."

"निघू दे. दोन टाके राहिलेत."

तेवढे वाचून सासरे माझ्याकडे वळले. "जावईबापू, त्या दीपगृहातला होडीवाला शेवटी काय करतो हो?"

"वा, मामा! काय ते वर्णन!"

"म्या वर्णन न्हाई इचारलं."

मी छताकडे पाहिलं.

"पोचट," सासरे म्हणाले, आणि आतून ती कादंबरी आणून माझ्या मांडीवर ठेवली. पुन्हा शिवलेली होती, टाके माझ्यापेक्षा बारीक. मग ते मुनिमाचा हात धरून हळूहळू मोंढ्याकडे निघाले.

मीही नांदेडची गाडी गाठायला उठलो. माझ्या चपला जागेवर नव्हत्या.