जागेच्या बदल्यात एक ओळ

गारखेड्यातले आमचे शेजारी काका समाजवादी विचारांच्या एका लहानशा पक्षाचे जुने कार्यकर्ते. कुणी हिणवलं, तर "व्हय, लहानच हाय पक्ष," म्हणत स्वतःच आधी हसतात.

यंदा महापालिकेच्या निवडणुकीत आघाडीतल्या मोठ्या पक्षानं त्यांची जागा मागितली. काकांनी ती सोडली, पण जाहीरनाम्यात आमच्या वॉर्डाच्या पाण्याची ओळ लिहून घेतली. मग त्याच पक्षाच्या उमेदवारासाठी ते दारोदार फिरले.

"वाईट नाही वाटलं, काका?"

"लई वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाय."

निकालाच्या दिवशी हारतुऱ्यांच्या गर्दीत जाहीरनामा घेऊन तेच पुढं उभे. "साहेब, पाण्याचं कधी?"

आता आठव्याऐवजी चौथ्या दिवशी नळ येतो. काका गच्चीवरून हाक देतात, "भरून घ्या, आघाडीचं पाणी आलं!"