अकरा फांद्यांचा नकाशा

भिंतीला कान लावून आत पाणी कुठं गळतंय ते नळवाले काका अचूक सांगायचे. भिंतीवरची पाटी मात्र त्यांना वाचता यायची नाही. "चष्मा विसरलो" हे वाक्य त्यांनी तीस वर्षं पुरवून वापरलं, आणि चष्मा त्यांच्याकडं कधी नव्हताच.

पन्नाशी उलटल्यावर ते प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. चार महिन्यांनी बाईंनी सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर मधोमध गोल, त्यात आपलं नाव. गोलातून फांद्या काढायच्या आणि आता जे येतं ते एकेका फांदीवर लिहायचं, असा ज्याचा त्याचा नकाशा.

"परीक्षा नाही ही," बाई म्हणाल्या. "कुठवर आलो ते आपलं आपण बघायचं."

काकांनी बघितलं. तीन फांद्या: सही, चालू, बंद. आणि तिकडं बायकोनं अख्ख्या इमारतीत सांगून ठेवलं होतं, "आमचे हे पुढच्या महिन्यात वरच्या वर्गात."

शेजारी कँटीनच्या मावशी बसायच्या. काका अक्षराला अडखळले की त्या हळूच पुढचं सांगायच्या. त्यांच्या नकाशाला अकरा फांद्या होत्या. त्या दिवशी मावशी कामावर लवकर गेल्या आणि नकाशा उघडाच राहिला. नक्कल करायची बटणं काकांना मुलीनं शिकवली होती. मधल्या गोलात त्यांनी स्वतःचं नाव घातलं, फांद्या दोनदा मोजल्या आणि समाधानानं घरी गेले. वाचायच्या भानगडीत पडले नाहीत. चोरीचा माल कोण पारखून घेतो?

दुसऱ्या दिवशी बाई एकेक नकाशा भिंतीवर मोठा करून वाचू लागल्या. काकांचा आला. "किराण्याची यादी करता येते. वा काका. नवऱ्याच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचता येतं..."

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरचा ड्रायव्हर म्हणाला, "काका, लग्नाला बोलावलं नाहीत."

काकाही हसले, कारण ते फांद्या मोजण्यात दंग होते, बाईंनी काय वाचलं ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. मग त्यांची नजर मावशींकडं गेली. मावशी मांडीवरच्या पिशवीचे बंद ओढत होत्या. त्यांचा नवरा गेल्याला दोन महिने झाले होते. ती बाटली वाचता यावी म्हणूनच तर त्या वर्गात आल्या होत्या. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. हशा एकेका बाकावर विझत गेला.

बाईंनी सांभाळून घेतलं. "फाइलींची अदलाबदल झाली असेल."

"चष्मा..." काकांच्या जिभेवर सवयीनं आलं आणि तिथंच अडकलं. "नाही बाई. मी उचलला. न वाचता."

वर्ग सुटल्यावर मावशी त्यांच्या कॉम्प्युटरपाशी आल्या. "ती फांदी वाचा."

"मावशी, पुसतो मी सगळं."

"आधी वाचा. मग पुसा."

काका अक्षराला अक्षर जोडत वाचू लागले. चार मिनिटं लागली. 'औषधाच्या'पाशी दोनदा अडले, पण आज मावशींनी पुढचं सांगितलं नाही. संपल्यावर काकांना मान वर करवेना.

"कळलं काय उचललंत ते?" मावशी म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन निघून गेल्या.

काकांनी सगळ्या फांद्या पुसल्या. आपल्या तीन परत काढल्या.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "झाला का निकाल?"

"खालच्याच वर्गात आहे मी. तीन फांद्यांचा धनी. वर चोरीही केली."

सगळं ऐकून ती मटकन बसली. "आता इमारतीत कुठल्या तोंडानं सांगू?"

"मीच सांगतो," चपला पुन्हा पायात सरकवत काका म्हणाले. "तीनच तर मजले आहेत."