बरणीत चमचा नाय!

किस्से साठतात, कारण ते कुणी विकत नेत नाही. आमच्या घरातून शेत गेलं, बैल गेले, अंगणातला आंबा गेला. किस्से तेवढे राहिले. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, म्हणून सगळं डोक्यात ठेवलंय. मी सांगते, जेनेट टाइप करते.

तर ऐका. वसई पूर्वेला एक पत्र्याचा गाळा होता, त्यात तीन बायका राबत होत्या. एक मी, जूचंद्रची भिमाई. दुसरी माझी नात विद्या, इंजिनीअर. तिसरी तिची मैत्रीण जेनेट, माणिकपूरची, जिभेला धार. (हे पन टाइप कर गो!)

तिघी मिळून डबे बनवायचो. डबा टाकीतलं पाणी बघतो आणि पंप आपोआप चालू-बंद करतो. आत छोटा कॉम्प्युटर, त्यात नखाएवढं कार्ड. डब्याची सगळी अक्कल त्या कार्डात!

गाळा माझ्या नावावर, हुकूम मात्र माझ्या मुलाचा, मनोहरचा. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. मोठी ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर गाळा भाड्याने देणार!"

विद्याचा बाप आहे हो तो. सख्खा.

*

पहिला डबा एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीत लागला. सेक्रेटरींनी नारळ फोडला. "हा नीट चालला, तर शेजारच्या सगळ्या बिल्डिंगींना लावू."

चार दिवसांनी लाइट गेली. परत आली, तर डबा मुका! बायका बादल्या घेऊन जिन्यात. विद्या धावत गेली, नवं कार्ड घातलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आधी पंप वॉचमन चालवायचा. तो झोपायचा, पण हाक मारली की उठायचा तरी!"

*

मनोहरला कळलंच. गाळ्यात आला, बसलासुद्धा नाही. "सांगितलेलं, नोकरी कर म्हणून!"

विद्या खाली मान घालून डब्यातलं कार्ड काढत राहिली. मी बोलले, "तू काय चालवलास रे? शेत होता, तो विकलास."

"आये, अंगठा तुझा आहे त्यावर."

होता ना! जाडजूड कागद होता. मी विचारलेलं, "काय लिवलंय?" तर म्हणाला, "तुला ऐकून काय करायचंय? लाव अंगठा." लावला. शाई दोन दिवसांत गेली. शेत त्याआधीच गेलं होतं.

*

त्या दुपारी विद्याचं जेवणात लक्ष नव्हतं. जेनेटने मला समजावलं, "आजी, डबा दिवसभर कार्डावर काहीबाही लिहीत असतो. लिहिता लिहिता लाइट गेली, की कार्ड बिघडतं."

"मग लिवतो कशाला मेला?"

तेवढ्यात विद्याने आपल्या नादात उष्टा चमचा लोणच्याच्या बरणीत घातला. मी फाडकन हातावर मारलं!

"बरनीत चमचा नाय! लागेल तेवढा वाटीत काढ. उरला तर टाकून दे, परत बरनीत नाय. म्हनून माजा लोनचा वरीसभर टिकतो!"

जेनेटचा घास हातातच राहिला. "विद्या! कार्डाची बरणी करायची! त्यातून फक्त वाचायचं. रोजचं लिहिणं मेमरीत, म्हणजे वाटीत. लाइट गेली तर वाटी सांडेल. बरणी शाबूत!"

दोघी भाकरी टाकून उठल्या. वाटीतलं लोणचं मी खाल्लं.

*

आता लाइट गेली तरी डबा आपला आपण उठायला लागला. पण त्यात विद्याचीच एक चूक राहिलेली. पंप उशिरा बंद व्हायचा, टाकी वाहायची. ती गेली, चूक सुधारून आली. लाइट गेली, टाकी पुन्हा वाहिली! पुन्हा सुधारली. पुन्हा तेच!

जेनेट म्हणाली, "फादरना बोलावू का, डब्यावर पवित्र पाणी शिंपडायला?"

मी विचारलं, "सुधारलास ते बरनीत का वाटीत?"

विद्याने कपाळावर हात मारला.

मग बरणी उघडली, चूक आत जाऊन काढली, झाकण पुन्हा घट्ट लावलं.

*

सेक्रेटरी खूश. "मॅडम, ही आयडिया कुणाची?"

"इंटरनेटवर वाचलं, सर," विद्या म्हणाली.

मी तिथेच डबे पुसत होते.

नंतर म्हणाली, "आजी, तिकडे पण होतंच ते. आणि लोणच्याचं सांगितलं असतं तर त्यांनी ऑर्डर दिली असती का?"

नसती दिली. म्हणून तर जास्त लागलं.

*

दिवाळी आठवड्यावर आली. सेक्रेटरी चार बिल्डिंगींची कमिटी घेऊन गाळ्यात हजर! "आमच्यासमोर लाइट घालवून दाखवा."

विद्या वायरी पुन्हा पुन्हा तपासायला लागली. मी पुढे झाले, अंगठ्याने मेन स्विच पाडला. वर केला. डबा उठला! पुन्हा पाडला. पुन्हा उठला! दहा वेळा. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, बस!" मी आणखी एकदा पाडला.

वर करते तो दारात मनोहर. हातात कागद आणि शाईचं पॅड. "आये, भाडोत्री मिळाला. इथे अंगठा लाव."

"वाच."

"घरी वाचू."

"विद्या, तू वाच. मोठ्यानी!"

विद्याने पहिल्या ओळीपासून वाचलं. माझ्या जन्मात पहिल्यांदा मला कुणी अख्खा कागद वाचून दाखवला. गाळा तीन वर्षांसाठी जाणार होता.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, मग आमच्या सगळ्या बिल्डिंगींचे डबे कुठे बनणार?"

मनोहरने सगळ्यांकडे पाहिलं. कागदाची घडी घातली. "राहू दे आये. अंगठा नको आता."

"का नको? आन हिकडं."

पॅड घेतलं, अंगठा भिजवला. कमिटीसमोर नव्या डब्याचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूने ठसा उठवला.

जेनेट ओरडली, "आजी, हे काय?"

मी विद्याकडे बघून म्हटलं, "इंटरनेट."