तळ्यातली बाई

मामांनी एकतीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टर चालवला. कुठला पिक्चर किती आठवडे चालला, कुठलं रीळ कुठे तुटायचं, सगळं तोंडपाठ. त्या रविवारी दुपारी मी टीव्हीवर एक जुना युरोपियन भयपट सहज लावला. थोडा वेळ बघून मामा म्हणाले, "हा काही मी लावलेला नाही." वाटाणे सोलणारा मामीचा हात थांबला.

"अहो, नऊ दिवस लावलात. नवीन लग्न होतं आपलं. केबिनमध्ये स्टुलावर बसून पाहिलाय मी."

"दुसरा कुठला असेल."

मामीने माझ्याकडे पाहिलं. मामांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग घराचा रस्ता. महिनाभर ती मामांवर डोळा ठेवून होती. नळ चालू राहिला, चष्मा फ्रीजमध्ये सापडला, की मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजायची.

टीव्हीत पांढरे हातमोजे घातलेली बाई जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली.

"हीच," मामी म्हणाली. "तळ्यात बुडून मेली आणि आता जेवायला आली. मी इथेच उठून पळाले होते."

"तो वेगळा. त्यात मेलेली बाई जेवते. ही धडधडीत जिवंत आहे."

होतीच जिवंत. आता मी मामीकडेही संशयाने बघू लागले. दोघांपैकी नक्की कुणाचं काय हललंय, कळेना.

वीसेक मिनिटांनी ती बाई तळ्यात बुडाली.

मामांनी रिमोट उचलून चित्र थांबवलं. त्या थिजलेल्या पाण्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग मामीकडे. ती मान खाली घालून रिकामी टरफलं पुन्हा पुन्हा चाचपत होती.

"रिळांच्या डब्यांवर आकडे नव्हते," ते हळूच म्हणाले. "त्यांच्या भाषेत अक्षरी लिहिलेलं. तिसरं रीळ कुठलं, चौथं कुठलं, अंदाजाने ठरवलं मी."

मामीने मान वर केली. "म्हणजे नऊ दिवस उलटासुलटा?"

"दोनच रिळं."

"आणि कुणी ओरडलं नाही?"

"लोकांना वाटलं असेल, परदेशी आहे, असाच असणार. मलाही तसंच वाटलं. म्हणून तर आज ओळखला नाही."

मामी हसायला लागली. हसता हसता रडली, पुन्हा हसली. मामा मात्र कानकोंडे होऊन बसले होते.

"बाहेर बोलू नकोस हं," ते मला म्हणाले. "कुणी विचारलंच तर मामा विसरले म्हणून सांग."